मदत हवी आहे: बाबांचं डीबीएस (मेंदूत तारा बसवायचं ऑपरेशन) आत्ता करावं की बिनऑपरेशनच्या ब्रेन इम्प्लांटची वाट बघावी? (पार्किन्सन्स)

कृष्णाकाठ

नमस्कार. जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे बाबा ६६ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. आई-बाबा कराडला असतात, मी पुण्यात नोकरी करते आणि एकुलती एक आहे. बाबांना पार्किन्सन्स आहे, निदान होऊन नऊ वर्षं झाली. पहिली काही वर्षं गोळ्यांवर छान गेली, बाजारात जायचे, घाटावर फिरायला जायचे, अनोळखी माणसाला कळायचंही नाही. आता गोळीचा असर धड तीन तासही टिकत नाही. सकाळी साडेपाचला आई सिंडोपाची (पार्किन्सन्सची गोळी) पहिली गोळी देते, मग बाबा खाटेच्या कडेला दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतात, कोणाशी बोलत नाहीत, नुसती गोळी लागू व्हायची वाट बघतात. कधी अर्ध्या तासात उठतात, कधी तास होऊन गेला तरी पाय जमिनीला चिकटल्यासारखे. आणि गोळी चढली की उलटंच, मान आणि डावा खांदा आपोआप वेडेवाकडे हलत राहतात. ज्या माणसाने जन्मभर गिअरबॉक्स उघडून परत बसवले त्याला शर्टाचं बटण लावायला आई लागते आणि ते त्यांच्या फार जिव्हारी लागतं.

आई कालनिर्णयच्या प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलने बारीक खुणा करून ठेवते, किती वाजता 'चालू', किती वाजता 'बंद'. आमच्या न्यूरोंनी (न्यूरोलॉजिस्ट) ती पानं नीट उलटून बघितली आणि म्हणाले आता गोळ्या वाढवून उपयोग नाही, डीबीएसचा विचार करा, म्हणजे मेंदूत खोल दोन बारीक तारा बसवायच्या आणि छातीत कॉलरबोनच्या खाली बॅटरी. बाबांना गोळीचा चांगला फायदा होतो (टिकत नाही ही गोष्ट वेगळी), विसरभोळेपणा नाही, त्यामुळे ते चांगले कँडिडेट आहेत असं त्यांचं मत. पण हेही म्हणाले की ही संधी कायम राहत नाही, सत्तरीच्या पुढे किंवा स्मरणशक्तीवर परिणाम व्हायला लागला की आम्हीच मागे सरतो. खर्च बॅटरी कुठली घेतो त्यावर आहे, पण आम्हाला मिळालेलं एस्टिमेट पंधरा लाखांच्या आसपास आहे. सेकंड ओपिनियनला दुसऱ्या एका ठिकाणी गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत पॅकेजचा कागद माझ्या हातात दिला, पेशंट समोर बसलाय त्याच्याकडे बघून एक वाक्यसुद्धा बोलले नाहीत. बाबा तिथून बाहेर पडले ते गप्पच.

आता खरा प्रश्न. चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, 'आता ऑपरेशन नको, इंजेक्शनने मेंदूत चिप'. मी शोधलं तर बातमी खोटी नाहीये. बोस्टनजवळच्या एमआयटीमधल्या (पुण्यातलं नाही) देबलिना सरकार यांच्या लॅबचं काम आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजी या शास्त्रीय नियतकालिकात आलंय. दंडात इंजेक्शन दिल्यासारखं द्यायचं, अतिसूक्ष्म इम्प्लांट रक्तातून आपापले मेंदूत पोचतात आणि बाहेरून त्यांना चालू करायचं. तीन वर्षांत माणसांवर ट्रायल सुरू करायचा त्यांचा मानस आहे असंही वाचलं. बाबांनी व्हिडिओ चार-पाच वेळा बघितला आणि आता एकच धरून बसलेत, "तीन वर्षांत येतंय ना, मग मी कवटीला भोक कशाला पाडून घेऊ? तेवढं काढतो की." आईला काय बोलावं कळत नाही, ती माझ्याकडे बघते आणि मी तुमच्याकडे.

कोणाला या नव्या प्रकाराची खरी माहिती आहे का? तीन वर्षं थांबणं शहाणपणाचं आहे का? मधला काही मार्ग आहे का ज्यात डोकं उघडावं लागत नाही? आणि ज्यांच्या घरी डीबीएस झालंय त्यांनी प्लीज खरं खरं लिहा, चांगलं-वाईट दोन्ही. बाबांना नुसतं "डॉक्टर सांगतात म्हणून करा" असं म्हणून चालणार नाही, ते मशीन उघडून बघणारे आहेत, त्यांना आतलं कळलं तरच पटतं.

---

मधुमालती

कृष्णाकाठ ताई, माझ्या सासऱ्यांचं डीबीएस झालंय त्यामुळे लिहिते. आदल्या रात्रीपासून सगळ्या गोळ्या बंद करतात, ती रात्र फार अवघड जाते हे आधीच सांगून ठेवते, माणूस लाकडासारखा होतो. सकाळी डोक्याला धातूची फ्रेम घट्ट बसवतात, मग स्कॅन, मग ऑपरेशन. भोक म्हणजे आपल्याला वाटतं तेवढं नसतं, साधारण रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान, दोन्ही बाजूंना एकेक. सासरे जागे होते, डॉक्टर मधेच सांगायचे मूठ उघडझाप करा, आकडे म्हणा, आणि ते स्वतः सांगतात की करंट दिल्याबरोबर हाताचा ताठरपणा सुटला ते त्यांना तिथेच जाणवलं. बॅटरी त्यानंतर भूल देऊन बसवली.

पण कोणी 'ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी पळायला लागतात' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मशीन नंतर चालू करतात आणि सेटिंग जमायला आमचे कितीतरी महिने गेले, दर वेळी थोडा करंट वाढवा, गोळी कमी करा, परत बघा. फायदा काय झाला तर तुम्ही म्हणताय ते ऑफ जाणं खूप कमी झालं, अंग हलणं जवळजवळ गेलं, गोळ्या निम्म्यावर आल्या, स्वतःच्या हाताने जेवतात. नाही सुधारलं ते बोलणं, उलट आवाज आणखी बारीक झालाय, आणि तोल. तोल जायचा तो जातोच. हे दोन्ही डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून आम्हाला धक्का बसला नाही. तुम्हीही विचारून घ्या बाबांचा त्रास नेमका कुठला आहे, कारण जे गोळीने सुधारतं तेच साधारण डीबीएसने सुधारतं, कंप तेवढा याला अपवाद.

---

प्रयोगवही

मी न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करतोय, या लॅबशी माझा काही संबंध नाही, पण तो पेपर आमच्या ग्रुपमध्ये सविस्तर वाचला होता. बाबा मेकॅनिक आहेत म्हणालात म्हणून आतलं सांगतो.

हे इम्प्लांट म्हणजे पेशीपेक्षाही लहान चकत्या. सिलिकॉन वेफरवर धातूच्या दोन थरांमध्ये ऑरगॅनिक पॉलिमरचे थर घालून बनवतात आणि मग वेफरवरून सुट्या करतात. त्यावर प्रकाश पडला की वीज तयार होते, सोलर पॅनेलचंच तत्त्व. आता अशी चकती नुसती रक्तात सोडली तर शरीर तिला परकी समजून संपवेल आणि मेंदूभोवती जी रक्तवाहिन्यांची कडक भिंत असते ती तिला आत घेणार नाही. म्हणून त्यांनी ती मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीवर रासायनिक पद्धतीने चिकटवली. या पेशींचं कामच असं की शरीरात जिथे सूज असेल तिथे त्या आपणहून जातात, आणि मेंदूची भिंत ओलांडायची त्यांना मुभा असते. हमालाच्या पाठीवरून माल आत जावा तशी चकती आत जाते. मग डोक्याच्या बाहेरून निअर इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा, तो डोळ्यांना दिसत नाही पण हाडातून काही प्रमाणात आत जातो, चकतीत वीज तयार होते आणि शेजारचे न्यूरॉन जागे होतात. कल्पना खरंच अफाट आहे, आणि पेपरमध्ये ते काम करतंय हे दिसतंय.

फक्त दिसतंय ते उंदरात. आणि तुमच्या बाबांच्या दृष्टीने इथे तीन अडचणी आहेत असं मला वाटतं.

एक म्हणजे पत्ता. या पेशी सुजेच्या जागी जातात, उंदरांमध्ये ती सूज ठरलेल्या जागी मुद्दाम निर्माण केली होती. पार्किन्सन्समध्ये डीबीएसची तार बहुतेक वेळा सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या जागी बसवतात, ती जागा जेमतेम काही मिलिमीटरची, आणि ती निवडतात ती तिथे सूज असते म्हणून नाही, तर हालचालींचं सर्किट तिथे बिघडलेल्या ठेक्यात चालतं म्हणून. पार्किन्सन्समध्ये पेशी मरतात आणि सूज सापडते ती मुख्यतः सब्स्टँशिया नायग्रा नावाच्या मेंदूच्या दुसऱ्याच भागात. म्हणजे आजचा हमाल ज्या पत्त्यावर जातो तो आपल्याला हवा तो पत्ता नाही. त्या टीमने पुढच्या वापरासाठी नावं घेतलीत तीही ब्रेन ट्यूमर, अल्झायमर्स, मल्टिपल स्क्लेरोसिस अशी, म्हणजे जिथे सूज मुळातच असते. वेगळ्या पेशी वापरून वेगळे पत्ते गाठता येतील, पण ते काम पुढचं.

दुसरी अडचण खोलीची. उंदराचा मेंदू बोटाच्या पेराएवढा, कवटी पातळ. माणसात सबथॅलॅमिक न्यूक्लियस वरून सहा-सात सेंटिमीटर आत आहे. तिथपर्यंत पुरेसा प्रकाश पोचवणं हा वेगळाच डोंगर आहे.

तिसरी, परत काढायचं कसं. डीबीएस नाही मानवलं तर रिमोटने बंद करता येतं, करंट कमी-जास्त करता येतो, वेळ आली तर तार काढता येते. रक्तातून गेलेल्या असंख्य चकत्या गोळा करून बाहेर काढता येत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं त्या तिथे राहिल्या तर काय होतं हे माणसात बघितल्याशिवाय कुठलाही देश परवानगी देणार नाही.

आणि 'तीन वर्षांत ट्रायल' याचा अर्थ तीन वर्षांत कराडला मिळेल असा नाही. पहिली ट्रायल मोजक्या पेशंटवर, फक्त सेफ्टी बघायला असते. डीबीएसचंच उदाहरण घ्या: फ्रान्समधल्या ग्रनोबलला बेनाबिद या सर्जननी १९८७ मध्ये सुरुवात केली, अमेरिकेत एफडीएची (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) परवानगी कंपासाठी १९९७ मध्ये आणि पार्किन्सन्ससाठी २००२ मध्ये मिळाली. तेही पेसमेकरचं तंत्रज्ञान आधीपासून तयार होतं म्हणून. मी या शोधाबद्दल मनापासून उत्साही आहे, पण माझ्या वडिलांना हा आजार असता तर मी याच्यासाठी थांबलो नसतो.

---

सह्याद्री_पाऊस

मधला मार्ग विचारलात म्हणून. फोकस्ड अल्ट्रासाउंड आहे. एमआरआय मशीनमध्ये झोपवून डोक्यावर हेल्मेटसारखं यंत्र लावतात, त्यातून हजारावर ध्वनिलहरींचे झोत एकाच बिंदूवर आणतात आणि तेवढी जागा तापवून निकामी करतात. कवटी उघडत नाहीत, आत काही ठेवत नाहीत, बॅटरी नाही. केस मात्र पूर्ण काढावे लागतात. एफडीएने एसेन्शियल ट्रेमरसाठी (पार्किन्सन्सशिवायचा, हात थरथरण्याचा वेगळा आजार) २०१६ मध्ये आणि पार्किन्सन्सच्या कंपासाठी २०१८ मध्ये मान्यता दिली. भारतातही मोजक्या ठिकाणी आहे. पण जे जाळलं ते जाळलं, परत येत नाही, सेटिंग बदलता येत नाही, आणि सहसा एकाच बाजूला करतात. एका हाताचा कंप हाच मुख्य त्रास असेल त्यांना ते जास्त लागू पडतं. तुमच्या वर्णनावरून बाबांचा त्रास ऑन-ऑफचा आणि अंग हलण्याचा जास्त वाटतोय, तरी एकदा विचारा.

स्टेंट्रोडबद्दलही ग्रुपवर फॉरवर्ड येईल म्हणून आधीच सांगतो, सिंक्रॉन कंपनीचं आहे, मानेच्या शिरेतून जाळी सरकवत मेंदूच्या वरच्या शिरेत बसवतात, मेलबर्नला २०१९ मध्ये माणसात पहिल्यांदा केलं. ते खरंच कवटी न उघडता होतं. पण ते मेंदूचे सिग्नल वाचतं, लकवा झालेल्यांना कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून. पार्किन्सन्सवरचा इलाज नाही.

---

अनंतमूळ

एवढं सगळं करण्याआधी कपिकच्छू चूर्ण देऊन बघा की, कुयरीच्या बिया, आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या देतात, निसर्गाने दिलेलं आहे, साइड इफेक्ट नाही.

---

मधुमालती

@अनंतमूळ, कळकळीने लिहिलंय हे समजतं, पण त्या बियांमध्ये लेवोडोपाच असतो, सिंडोपात असतो तोच. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेतलं की डोस नकळत वाढतो, आणि या बाबांचं अंग आधीच डोस जास्त झाल्यावर हलतंय. न्यूरोंना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका ताई.

---

हिशेबनीस

खर्चाबद्दल थोडं. बाबांचा मेडिक्लेम असेल तर पॉलिसीचा कागद काढा. आयआरडीएआयने (विम्यावर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची यादी काढली जी कंपन्यांना सरसकट वगळता येत नाही, त्यात डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं (म्हणजे डीबीएसचं) नाव स्पष्ट आहे. मात्र कंपनी त्याला सब-लिमिट (वेगळी कमी मर्यादा) लावू शकते, कधी सम इन्शुअर्डच्या (विम्याच्या एकूण रकमेच्या) निम्मीच रक्कम, ते बारीक अक्षरात असतं. हॉस्पिटलचं एस्टिमेट घेताना इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा आणि प्री-ऑथ (विमा कंपनीची आगाऊ मंजुरी) आधी टाका. रिचार्जेबल बॅटरी महाग असते पण दहा-पंधरा वर्षं जाते, साधी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते आणि ते प्रत्येक वेळी छोटं ऑपरेशन आणि नवा खर्च. पंधरा लाखांत कुठली धरलीय ते आधी विचारा.

आणि कोणी 'परदेशी ट्रायलमध्ये नाव घालतो, एवढे भरा' म्हणालं तर तिथूनच परत फिरा. ट्रायलमधल्या औषधाचे किंवा उपकरणाचे पैसे पेशंटकडून मागत नाहीत. भारतातल्या ट्रायल्स सीटीआरआयच्या (ट्रायल्सची सरकारी नोंदवही) साइटवर नोंदवाव्या लागतात, तिथे कोणालाही बघता येतं.

---

दुपारचा_चहा

पुण्यात आहात तर पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या लोकांना भेटा, बाबांना घेऊन जा. माझ्या आईला डॉक्टरांनी जे समजावून कळलं नाही ते तिथल्या एका काकूंनी स्वतःच्या छातीतली बॅटरी हाताने चाचपून दाखवली तेव्हा कळलं. पेशंटने पेशंटशी बोलणं वेगळंच असतं.

अजून एक, बाबांना नक्की भीती कशाची वाटते ते विचारलंत का? ऑपरेशन नको म्हणणाऱ्या प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, आणि बरेचदा आपण भलत्याच भीतीचं उत्तर देत बसतो.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप खूप आभार, प्रत्येक प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवलाय.

शनिवार-रविवार घरी जाऊन आले. प्रयोगवही, तुमचं लिहिलेलं प्रिंट काढून नेलं होतं, बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. पत्त्याचा मुद्दा त्यांना लगेच पटला, म्हणाले "म्हणजे पार्ट बरोबर आहे पण आपल्या गाडीचा नाही." डीबीएसला १९८७ पासून २००२ पर्यंत लागले त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच हिशेब केला की तेवढा वेळ धरला तर ते ऐंशीच्या पुढे असतील.

दुपारचा_चहा, तुमचा प्रश्न मी तसाच विचारला. आणि उत्तर मला अजिबात अपेक्षित नव्हतं. भोकाची भीती नाहीच. जागं राहायची आहे. वर्कशॉपमध्ये त्यांच्या एका सहकाऱ्याचा हात मशीनमध्ये अडकला होता आणि तो शुद्धीत होता, बाबा शेजारी होते, तो आवाज त्यांच्या डोक्यातून कधी गेला नाही. "मला झोपवून काय ते करा, मी जागा राहणार नाही," एवढंच म्हणाले. आई इतकी वर्षं सोबत आहे, तिलाही हे माहीत नव्हतं. पूर्ण भूल देऊन डीबीएस होतं का कुठे?

---

प्रयोगवही

होतं. काही सेंटर्समध्ये पूर्ण भूल देऊन, एमआरआय किंवा सीटीच्या मदतीने तार बरोबर बसली का ते तिथल्या तिथे तपासतात. निवडलेल्या पेशंटमध्ये निकाल जाग्या ऑपरेशनच्या जवळपासचेच येतात असे अभ्यास आहेत. तुमच्या न्यूरोंना आणि सर्जनना हेच वाक्य विचारा: 'अस्लीप डीबीएस तुम्ही करता का, आणि आतापर्यंत किती केली?' ते करत नसतील तर कोण करतं ते सांगतील. रक्तस्रावाचा धोका साधारण एक-दोन टक्के आणि इन्फेक्शनचा त्याहून थोडा जास्त असतो, त्या हॉस्पिटलचे स्वतःचे आकडे मागा, चांगला सर्जन ते सांगायला कचरत नाही. आणि ऑपरेशनला हो म्हणण्याआधी लेवोडोपा चॅलेंज टेस्ट होईल, गोळी बंद ठेवून आणि मग देऊन हालचालींना मार्क देतात, साधारण तीस टक्क्यांच्या वर फरक पडायला हवा. शिवाय न्यूरोसायकॉलॉजीची, म्हणजे स्मरणशक्ती-विचारशक्तीची टेस्ट. दोन्हींत काही कापाकापी नाही, त्यामुळे बाबांनी तेवढ्याला हो म्हणायला हरकत नाही, त्यानंतरही निर्णय त्यांच्याच हातात राहतो.

---

कृष्णाकाठ

हे बाबांना तसंच सांगितलं, टेस्टला तयार झालेत. ऑपरेशनला अजून हो म्हटलेलं नाही आणि मी विचारणारही नाही आत्ता. भूल देऊन करणारं सेंटर आमच्या न्यूरोंनी सुचवलंय, तिथे फोन करून वेळ घेतली.

मधुमालती ताई, ती रात्र गोळ्यांशिवाय काढायची म्हणालात, टेस्टच्या आदल्या रात्रीही तसंच करावं लागणार आहे. कराडहून आदल्या दिवशी निघून पुण्यात माझ्याकडे राहायचं की रात्री थेट अॅडमिट व्हायचं, काय सोपं पडेल? माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे पण बाथरूमला उंबरा आहे.

---

मधुमालती

अॅडमिटच व्हा. रात्री कूस वळवायलाही दोन माणसं लागतील, एकट्याने जमणार नाही, आणि सकाळी उठवून गाडीत बसवणं तर फारच त्रासाचं. आईंना सोबत राहू द्या, त्यांची कालनिर्णयची पानंही घेऊन जा, ती डॉक्टरांना लागतील. सरकवून घ्यायला बाबांच्या पाठीखाली एक जाड चादर आडवी घाला, दोन बाजूंनी धरून वळवता येतं. सॅटिनची असेल तर आणखी चांगलं.